दहा स्टॉपची काच

म्हापशाहून निघताना पिशवी तीनदा भरली, तीनदा उपसली.
सोळा-पस्तीस घेऊ, की सत्तर-दोनशे?
रुंद लेन्स सगळ्यांना आत बोलावते
आणि मग एकेकाला लांब बसवते,
लग्नातल्या गरीब पाहुण्यासारखं.
लांब लेन्स नदीपलीकडचा डोंगर उचलते
आणि थेट मिठाच्या राशीमागे आणून टेकवते.
खोटं नाही ते,
पण त्या दोघांना ठाऊक नसलेलं नातं.

बाबांच्या स्टुडिओत एकच लेन्स होती.
पासपोर्ट, साखरपुडे, मेलेल्या माणसांचे शेवटचे फोटो,
सगळं तिच्यातून.
"पाय दुखले की दुसरी घे," म्हणायचे.
माझे पाय दुखायच्या आधीच हप्ते सुरू झाले.

आगरवाडो. मार्च संपत आलेला, संध्याकाळचे साडेपाच.
मानशीतून आत घेतलेलं खारं पाणी
चौकोनाचौकोनांत पडलेलं, अंगावर आभाळ ओढून.
पोलरायझर लावला, कड दोन बोटांत धरून फिरवली.
पाव फेऱ्यात आभाळ गेलं.
खाली चिखल, चिखलावर धरू लागलेलं मीठ
आणि एका कुर्लीची घाई.
उलटी फिरवली. आभाळ आलं, कुर्ली गेली.
किती तरी वेळ मी हेच करत बसले.
दोन्ही खरं असेल तर कुठे थांबायचं,
हे काचेच्या डबीवर लिहिलेलं नसतं.

ग्रॅज्युएटेडचं तसं सोपं: वर गडद, खाली पारदर्शक,
क्षितिज सरळ असलं म्हणजे झालं.
इथे क्षितिजात माड घुसलेत,
एक पांढरा क्रूस, एक मोबाईलचा टॉवर.
माडांचे शेंडे वणव्यातून आल्यासारखे काळे पडले.
ती परत पाकिटात.

शेवटी दहा स्टॉपची काळी काच.
आधी फोकस, मग काच. क्रम चुकला
तर व्ह्यूफाइंडरमध्ये नुसती कोठाराची खोली.
चार मिनिटं.
चार मिनिटांत वारा पुसला गेला, बगळे पुसले गेले.
बाबुसो लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत
या बांधाकडून त्या बांधाकडे सहा वेळा गेला.
फोटोत नाही.
रास आहे,
आणि तिचा माथा थोडा धूसर,
कारण त्या चार मिनिटांत ती वाढत होती.

स्क्रीनवर वाकून त्यानं विचारलं, "हांव खंय?"
मी गणित सांगितलं. हलतं ते उरत नाही.
"मागीर उबो रावल्यार दिसतलों?"
दिसशील.
"उबो रावल्यार मीठ कोण ओडटलो?"
मग काचेची किंमत विचारली. मी अर्धीच सांगितली.
त्यानं बोटांवर पोती मोजली, दोन्ही हात संपले,
तसा हसला:
"उणें दिसचें म्हूण इतले पयशे?"

आणि काच निघेना.
खाऱ्या हवेनं आटे धरले होते.
रुमाल झाला, नखं झाली, ओढणी झाली.
तिकडे सूर्य माडांत उतरलेला
आणि माझ्या लेन्सच्या तोंडाला ही रात्र घट्ट बसलेली.
बाबुसोनं झोपडीतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला,
काचेभोवती गुंडाळला,
दाबलं नाही, तळवा ठेवून नुसतं वळवलं.
लोणच्याच्या बरणीचं झाकण निघावं
तशी निघाली.

उरलेल्या उजेडात पन्नासची लेन्स लावली,
तिच्यापुढे काहीच नाही.
"आता काम कर तुझं," म्हटलं,
"सेकंदाचा साठावा हिस्सा पुरे."
पण त्यानं फळी बांधाला टेकवली,
हात पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं
आणि श्वास धरून उभा राहिला,
बाबांच्या स्टुलावर माणसं बसायची तसा,
डोळेसुद्धा न हलवता.

मी शटर केव्हाच दाबलं होतं.
त्याला सांगितलं नाही.